‘प्रगती समाधानकारक’ म्हणजे नेमके काय? : प्राथमिक शाळांच्या प्रगतिपत्रकांविषयी एक खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षण संचालक, शिक्षण संचालनालय, पर्वरी,
तसेच गोव्यातील सर्व सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातील खेड्यांतून एकतीस वर्षे प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी वाड्यावरची पाच-सहा मुले दप्तर घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसतात आणि वर्षातून दोनदा त्यांच्या दप्तरांतून त्यांची प्रगतिपत्रकेही येतात. नोकरीत असताना अशी पत्रके मी शेकड्यांनी भरली, वेळेत भरली आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या तपासणीत त्यांत कधी खोट निघाली नाही. आता तीच पत्रके मी प्रथमच पालकाच्या बाजूला बसून वाचते आहे. तिथून जे दिसले, ते आपल्यापुढे मांडावे यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तिसरीतल्या एका मुलीची आई पहिल्या सत्राचे पत्रक घेऊन माझ्याकडे आली. ती पिसुर्ले येथील औद्योगिक वसाहतीत कामाला जाते, स्वतः सातवीपर्यंत शिकलेली आहे, आणि मुलीच्या अभ्यासाकडे तिचे बारकाईने लक्ष असते. पत्रकात गणितापुढे ‘ब’ ही श्रेणी होती आणि खाली शेरा होता : ‘प्रगती समाधानकारक. अभ्यासात सातत्य हवे.’ तिने बोट त्या ओळीवर ठेवले आणि विचारले, “बाई, हें बरें काय वायट?” मला उत्तर देता आले नाही. एकतीस वर्षे अशाच ओळी लिहिलेल्या मला, त्या ओळीवरून मुलीला काय येते आणि काय येत नाही, हे सांगता आले नाही.

मग मी त्या मुलीची चाचणीची उत्तरपत्रिका मागून घेतली. वजाबाकीची दहा उदाहरणे होती, त्यांतली सहा बरोबर आणि चार चूक. बरोबर आलेली सहाही उदाहरणे ४८ वजा २३ अशा धर्तीची, म्हणजे दशक मोडावा लागत नाही अशी होती. चुकलेल्यांत ५२ वजा २७ चे उत्तर तिने ३५ लिहिले होते, ८१ वजा ४६ चे ४५ आणि ६३ वजा ३८ चे ३५. चौथ्यातही तेच घडले होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करीत होती. चारही चुका मिळून एकच चूक होती, आणि ती मुलीने निष्काळजीपणाने केलेली नव्हती, कारण प्रत्येक वेळी तिने तोच नियम इमानाने लावला होता. तो नियम चुकीचा आहे, एवढेच तिला कोणी सांगितलेले नव्हते.

मी दहाच्या पाच नोटा आणि एक-एक रुपयाची दोन सुटी नाणी तिच्यापुढे ठेवली आणि सत्तावीस रुपये मागितले. तिने दोन नोटा दिल्या, मग हातातल्या दोन नाण्यांकडे पाहत थांबली, आणि जरा वेळाने म्हणाली, “एक नोट मोडूया.” नोट मोडून तिने पैसे दिले, उरलेले मोजले, पंचवीस आले. तिने आपली उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली आणि पस्तीसवर स्वतःच काट मारली. या सगळ्याला वीस मिनिटेही लागली नाहीत. हे काम तिची आई घरी करू शकली असती, आजी करू शकली असती, नाक्यावरचा दुकानदारसुद्धा करू शकला असता. त्यासाठी कोणीतरी त्या आईला एवढेच सांगायला हवे होते की गणितात मुलगी नेमकी इथे अडली आहे. पत्रकाने तिला ‘ब’ सांगितला.

श्रेणी ही बेरीज असते. ती सहा बरोबर आणि चार चूक एकत्र करते, आणि तसे करताना चार चुका एकाच जागी आहेत ही सर्वांत उपयोगाची गोष्ट गिळून टाकते. श्रेणी नकोच असे माझे म्हणणे नाही. वर्गाचा अंदाज घेण्यासाठी, वरच्या कार्यालयाला माहिती पाठवण्यासाठी ती लागते. पण आईच्या हातात पडणारा कागद आणि कार्यालयाला जाणारा कागद एकच असावा, असे का ठरले, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

इथे माझी एक चूकही मला लिहिली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दुसरीच्या मुलांना विहिरीचे चित्र देऊन त्यावर वाक्ये लिहायला सांगितली होती. एका मुलाने लिहिले, ‘बांयंत उदक आसा.’ अक्षर सुवाच्य होते, अनुस्वार जागच्या जागी होते, वाक्य पूर्ण होते. मी त्यावर तांबड्या शाईने काट मारली, कारण मराठीच्या उत्तरपत्रिकेत मला ‘विहिरीत पाणी आहे’ हे वाक्य हवे होते, आणि त्याच्या पत्रकात ‘भाषा कच्ची’ असा शेरा दिला. त्याचे वडील तो शेरा वाचून मुलावर रागावले, हे मला नंतर कळले. जो मुलगा कानाला ऐकू येते तसे अचूक लिहितो, चित्र पाहून त्यावर स्वतःचे वाक्य रचतो, त्याची भाषा कच्ची कशी? त्याला मराठीतले तीन शब्द यायचे राहिले होते, आणि ते मी त्याला तिथल्या तिथे देऊ शकले असते. घरात कोंकणी, शाळेत मराठी, दूरदर्शनवर हिंदी आणि दुकानाच्या पाटीवर इंग्रजी अशा चार भाषांमधून वाट काढणारे गोव्यातले मूल जेव्हा चुकते, तेव्हा ते समजण्यात चुकले की शब्दात चुकले, हे वेगळे करून सांगणे हे मूल्यमापनाचे पहिले काम आहे. आपल्या पत्रकात त्यासाठी जागाच नाही.

वाचनाचेही तसेच आहे. धडा घडाघडा म्हणून दाखवणारे मूल ‘वाचन – उत्तम’ ठरते. अशा मुलाला मी धड्यातल्या शब्दांवर बोट ठेवून वाचायला सांगते. पुष्कळदा तोंड ओळीच्या शेवटाला पोहोचलेले असते आणि बोट अजून तिसऱ्या शब्दावर असते. मूल ऐकून पाठ झालेला धडा म्हणत असते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थ समजून वाचता यावेत, असे लक्ष्य ठेवले आहे, आणि पहिलीच्या मुलानेसुद्धा चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये अपरिचित मजकुरातून वाचावीत असे त्यात म्हटले आहे. ‘अपरिचित’ हा त्यातला कळीचा शब्द आहे. पाठ्यपुस्तकातल्याच धड्यावर वाचनाची परीक्षा घेतली, तर वर्षभर मुलाला वाचता येत नाही हे शिक्षकालाही कळत नाही आणि पालकालाही नाही, आणि या लक्ष्यासाठी ठरवलेली २०२६-२७ ची मुदत तर अगदी दारात आली आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला झालेले आकलन आणि ते वापरण्याची त्याची क्षमता यांचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन सांगितले आहे. याची चर्चा शिबिरांतून भरपूर झाली. कलम २४ ची मात्र तितकी झाली नाही. त्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे त्याला जादा मार्गदर्शन करणे हे एक, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता व त्याने केलेली प्रगती त्यांना सांगणे हे दुसरे. कायद्याने शिक्षकावर टाकलेली जबाबदारी पालकाला सांगण्याची आहे, आणि पत्रकावर पालकाची सही घेतली म्हणजे ती पार पडली असे आपण धरून चाललो आहोत. नापास करावे की करू नये, हा वाद २०१९ च्या दुरुस्तीनंतर पुन्हा पेटला, कारण तिने पाचवी आणि आठवीत परीक्षा, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. त्या वादात मी शिरत नाही. दशक मोडता न येणारी मुलगी चौथीत ढकलली काय किंवा तिसरीतच ठेवली काय, ती कुठे अडली हे जोवर कोणी लिहीत नाही, तोवर तिच्यासाठी दोन्ही सारखेच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रक बदलण्याचे सांगितले आहे, आणि त्यातला विचार मला मनापासून पटतो. पत्रक सर्वांगीण असावे, शिक्षकाबरोबरच मुलाने स्वतःविषयी आणि सोबत्यांनी मुलाविषयी काय पाहिले तेही त्यात यावे, घर आणि शाळा यांना जोडणारा तो दुवा व्हावा आणि त्यासोबत पालक-शिक्षक भेटी असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेतील (एनसीईआरटी) ‘परख’ या केंद्राने त्याचे नमुनेही तयार केले आहेत आणि पायाभूत टप्प्याच्या, म्हणजे दुसरीपर्यंतच्या, नमुन्यात मुलाची पातळी झरा, पर्वत आणि आकाश अशा चित्रांनी दाखवली आहे. लहान मुलाला आपण ‘क’ आहोत असे वाटण्यापेक्षा आपण झरा आहोत असे वाटणे केव्हाही चांगले. पण मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नवे पत्रक अनेक पानी असेल, त्यात रकाने पुष्कळ असतील, ते भरण्याची तारीख ठरलेली असेल, आणि शिक्षक एका रात्रीत सगळ्या मुलांच्या झऱ्यांवर आणि पर्वतांवर खुणा करील. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे नेमके हेच झाले. नोंदवह्या भरल्या, वर्णनात्मक नोंदींच्या छापील याद्या हातोहात फिरल्या, आणि ‘परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो’ हे वाक्य मी स्वतः एका वर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांपुढे लिहिले. त्या आईने माझ्यापुढे ‘आकाश’ हा शब्द ठेवून तोच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर मला ‘ब’ इतकेच अवघड जाईल.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी अगदी लहान आहे. पत्रक जुने असो वा नवे, भाषा आणि गणित या दोन विषयांपुढे प्रत्येकी तीन वाक्यांची जागा ठेवावी आणि ती छापील यादीतून भरण्यास मनाई असावी. मुलाला काय पक्के येते, तो नेमका कुठे अडतो, आणि घरी त्यासाठी काय करता येईल, ही ती तीन वाक्ये. त्या मुलीच्या बाबतीत मी असे लिहिले असते : ‘दोन अंकी बेरीज आणि बिनहातच्याची वजाबाकी बिनचूक करते. वरचा एकक लहान असला की अंकांची उलटापालट करून वजा करते. घरी दहाच्या नोटा आणि सुटी नाणी घेऊन दुकान-दुकान खेळा आणि नोट मोडावी लागेल असा हिशेब घाला.’ हे वाचून आईला सही करण्याखेरीज करायला काहीतरी मिळते. सोबत मुलाच्या उत्तरपत्रिकेचे किंवा वहीचे एक पान जोडले, तर वाक्य न समजणाऱ्यालाही पान समजते.

इतका वेळ कुठून आणायचा, असे शिक्षक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत असे कायद्याचे परिशिष्ट सांगते, तरी आपल्याकडे पट घटलेल्या कितीतरी सरकारी मराठी शाळा आज एकशिक्षकी आहेत. पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत, माध्यान्ह आहाराची नोंद त्याच्याकडे, संगणकावरची माहिती त्याच्याकडे, निवडणुकीचे काम आले की तेही त्याच्याकडे. या शिक्षकावर नवे काम लादण्यापूर्वी त्याच्याकडच्या नोंदींपैकी एकच गोष्ट दोनदा लिहायला लावणाऱ्या नोंदी संचालनालयाने आधी काढून टाकाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पण त्याच शिक्षकाला मी हेही सांगेन की लहान पट हे आपल्या हातातले बळ आहे. पंधरा मुलांच्या शाळेत प्रत्येकाची बोटे, अक्षर, चुका, अडणे आपल्याला तोंडपाठ असते. शहरातल्या चाळीस-चाळीसच्या तुकड्यांना जे जमणे कठीण, ते सत्तरी, सांगे, धारबांदोडे, काणकोणमधल्या शाळांना सहज जमण्यासारखे आहे. आपल्याला जे माहीत आहे ते कागदावर येत नाही, एवढीच उणीव आहे.

दुसरे म्हणजे वेळ. पत्रक दिवाळीला मिळते आणि मग वर्षअखेरीस, तेव्हा सुधारायला काही उरलेले नसते. सत्तरीत त्या दिवसांत काजूचा हंगाम असतो, घरातली बाईमाणसे पहाटेपासून बोंडू वेचायला डोंगरावर असतात, आणि निकाल आणायला मूल एकटे किंवा शेजाऱ्याबरोबर जाते. शाळा जूनमध्ये सुरू होते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीनंतर शाळा उघडली, की अडीच-तीन महिन्यांत मुलाचे शिकणे शिक्षकाला पुरेसे कळलेले असते आणि वर्षाचा मोठा भाग अजून शिल्लक असतो. पहिली सविस्तर भेट त्या आठवड्यात ठेवावी. तीही कामाच्या दिवशी सकाळी दहाला सगळ्या पालकांना बाकांवर बसवून नको, कारण त्या वेळी आलेल्या पालकाचा दिवसाचा पगार जातो आणि न आलेल्यावर ‘पालकांना आस्था नाही’ असा शिक्का बसतो. संध्याकाळी पाचनंतर किंवा रविवारी सकाळी, एका पालकाला दहा मिनिटे, दार लोटून, मुलाची वही समोर ठेवून बोलावे. सर्वांसमोर गुण वाचून दाखवण्याची पद्धत काही शाळांत अजून आहे, ती तर तत्काळ थांबवावी. मान खाली घालून बसलेल्या बापाला त्यानंतरचे काहीच ऐकू येत नाही.

आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही, ते पालक? आज आपल्या सरकारी शाळांत कन्नड, हिंदी, तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुले मोठ्या संख्येने आहेत. मुलाचे पत्रक मुलानेच वडिलांना उलगडून सांगायचे, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि मूल त्यातले काय सांगते नि काय गाळते हे कोणालाही कळण्यासारखे आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. दोन्ही भाषा जाणणारा एखादा पालक समितीतून निवडून त्याला भेटीच्या दिवशी बसवणे अवघड नाही. कोंकणी बोलणाऱ्या आईशी तर शिक्षकाने कोंकणीतच बोलावे. शिक्षणाच्या माध्यमाचा वाद तिथे आणू नये.

चौथीच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती गोव्यापुरती फार महत्त्वाची आहे. नवे धोरण तिसरी ते पाचवी हा एकच टप्पा मानते, पण आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवीसाठी मूल कदंबच्या बसने किंवा बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसून दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाते. टप्पा मधोमध तुटतो. चार वर्षे त्या मुलाला ओळखणारा शिक्षक इकडे राहतो आणि तिकडच्या शिक्षकाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला आणि श्रेण्यांचा कागद पडतो. त्या मुलाला कशाची भीती वाटते, कोणत्या प्रकारच्या उदाहरणाला ते थबकते, मोठ्याने वाचायला सांगितले तर ते का गप्प होते, हे सारे तिथल्या शिक्षकाला दिवाळीपर्यंत नव्याने शोधावे लागते, आणि तोवर मूल शेवटच्या बाकावर जाऊन बसलेले असते. चौथीच्या शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी पाचवीच्या शिक्षकाला अर्ध्या पानाचे पत्र लिहावे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोघांनी एकदा फोनवर तरी बोलावे, असा साधा नियम संचालनालयाने करावा. त्याला पैसा लागत नाही.

भागशिक्षणाधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे. शाळेला भेट द्याल तेव्हा नोंदवही पूर्ण भरली आहे की नाही हे पाहण्याऐवजी कोणतीही तीन पत्रके उचला, त्यांतला शेरा वाचा आणि ते मूल बोलावून घ्या. शेरा आणि मूल यांची गाठ पडते का, एवढेच पाहा. माझ्या एकतीस वर्षांत माझी पत्रके कोणी अशी तपासली असती, तर ‘परिसराविषयी जिज्ञासा’ मी दुसऱ्यांदा लिहिली नसती.

पुढील वर्षाची पत्रके छापायला जाण्यापूर्वी या सूचनांचा विचार व्हावा. तीन वाक्ये कशी लिहायची, मुलाच्या चुकीतून तिचा नियम कसा शोधायचा, याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ठेवले, तर मी माझ्या ओसरीवरच्या मुलांच्या वह्या, पालकांची परवानगी घेऊन, सोबत आणीन. त्यात त्या मुलीची उत्तरपत्रिकाही असेल, जिच्यावर पस्तीस खोडून तिने स्वतःच्या हाताने पंचवीस लिहिले आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
सत्तरी, गोवा